कार्यक्रमात बेस मधेच जातो, हमिंग करतो, घुमतो: दर वेळी तीच तक्रार का येते आणि बिघाड कुठे शोधायचा

घरी बेस (म्हणजे बेस गिटार) झकास वाजतो, तालमीलाही तक्रार नसते. पण मंगल कार्यालयात किंवा यात्रेच्या स्टेजवर उभं राहिलं की तिसऱ्या-चौथ्या गाण्यात आवाज फाटतो, नाहीतर गायबच होतो. कसाबसा परत आणला तर हमिंग सुरू होतं. हमिंग दाबायला नॉब फिरवावेत तर सगळं इतकं घुमतं की गायक मागे वळून बघतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात किंवा चर्चच्या क्वायरमध्ये बेस वाजवणारी जी मुलं मला भेटतात, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार हीच असते. आणि पुढचा प्रश्नही ठरलेला: "दादा, कुठलं पेडल घेऊ?" पेडल म्हणजे बेस आणि ॲम्पच्या मधे जोडायची, पायानं दाबायची डबी.

माझं उत्तर गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. घेऊ नकोस, आहेत ती काढ. ते असं का, हे नीट सांगतो, कारण मी स्वतः याच्या उलट्या वाटेनं बरीच वर्षं गेलोय.

खानापूरच्या पलीकडच्या एका गावात लक्ष्मी यात्रा होती. एकेका गावात ही यात्रा कित्येक वर्षांनी येते, त्यामुळे सगळी पंचक्रोशी लोटलेली. माझ्या पायाशी पाच पेडल मांडलेली: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह, कोरस आणि प्रीॲम्प. एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात बेस गेला. मी वाकून एकेक पेडल दाबून बघतोय, वायरी हलवतोय, ड्रमर नुसता माझ्याकडे बघतोय. साऊंडवाले काका मिक्सर सोडून वर आले, "स्वल्प तडी" (कानडीत 'जरा थांब') म्हणाले, आणि मधली पाचही पेडलं ओलांडून बेसची वायर सरळ डीआय बॉक्समध्ये, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीत, खोचली. आवाज आला, आणि आधीपेक्षा भरीव आला. उरलेला सगळा कार्यक्रम मी तसाच वाजवला.

दुसऱ्या दिवशी घरी बसून प्रत्येक जोड तपासला. दोन पेडलांमधली एक छोटी वायर आतून तुटली होती. ती बदलली, समाधान झालं. पुढच्या महिन्यात हुक्केरीकडच्या एका लग्नात परत तेच. या खेपेला ॲडॉप्टरची पिन सैल. त्यानंतर निपाणीला कॉम्प्रेसरचं सॉकेट. मी घरी येऊन दर वेळी म्हणायचो की तो बिघाड परत आला. पण तो बिघाड कधीच परत आला नव्हता. लक्षण तेच होतं, जागा दर वेळी नवी होती. म्हणून तर दुरुस्ती करूनही तक्रार संपत नव्हती.

आता हिशेब बघा. पाच पेडल म्हणजे सहा वायरी. सहा वायरी म्हणजे बारा पिना, त्या बारा सॉकेटांत बसलेल्या. शिवाय पाच पेडलांना करंट देणाऱ्या पाच पिना. एकूण सतरा जोड. समजा, यातला एकेक जोड शंभर कार्यक्रमांत एकदाच दगा देतो. तरी सतरा जोड मिळून साधारण दर सहाव्या कार्यक्रमाला काहीतरी बिघडणारच. बेसमधून निघालेली एकच वायर ॲम्पमध्ये गेली तर जोड फक्त दोन, आणि त्याच हिशेबानं पन्नास कार्यक्रमांतून एकदा अडचण. शिवाय ती आली तरी कुठे बघायचं ते माहीत. टेम्पोत एकावर एक रचलेलं सामान, गावाकडचे रस्ते, मैदानातली धूळ आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, हे सगळं त्या सतरा जोडांवरूनच जात असतं.

आधी सगळं काढा

तक्रार कुठलीही असो, पहिली चाचणी एकच. बेस, एक वायर, ॲम्प. बेसवरचे सगळे नॉब पूर्ण उघडे. ॲम्पवरचे बेस, मिड, ट्रेबल बरोब्बर मधोमध. काही खास बटणं दाबलेली असतील तर सोडवा. आवाज हळूहळू वाढवा आणि पाच मिनिटं वाजवा, वायर हलवत, अंग फिरवत.

तक्रार गेली, तर बिघाड तुम्ही काढलेल्या सामानात आहे. एकेक वस्तू परत जोडत जा, जिथं तक्रार परत येईल ती वस्तू किंवा तिची वायर दोषी. तक्रार तशीच राहिली, तर बेस, वायर आणि ॲम्प, या तिघांपैकी एक. आता वायर बदला. त्यासाठी एक वायर अशी ठेवा जी कधीच रोज वापरायची नाही. माझ्या त्या वायरीला दोन्ही टोकांना लाल टेप आहे आणि ती फक्त तपासायला निघते. वायर बदलूनही फरक नसेल तर बेस काढून ॲम्पच्या ऑक्स सॉकेटला मोबाईलवरचं गाणं लावा. गाणं स्वच्छ आलं तर ॲम्पचा पुढचा भाग आणि स्पीकर ठीक आहेत. मग उरतो बेस किंवा ॲम्पचं इनपुट, आणि ते दुसऱ्याचा बेस पाच मिनिटं मागून घेतला की कळतं.

ही चाचणी स्टेजवर प्रेक्षक बसल्यावर करायची नसते. दुपारी स्टेज बांधलं जात असतानाच करा. साऊंडवाला त्या वेळी घाईत असतो, पण पाच मिनिटं आदरानं मागितली तर देतो.

आवाज जातो, फाटतो, येतो-जातो

माझ्या हाताखालून गेलेल्या बेसांत सगळ्यात जास्त वेळा सापडलेला बिघाड अगदी साधा आहे: बेसच्या अंगावरच्या सॉकेटचं नट सैल होतं. नट सैल झालं की वायर लावताना-काढताना पूर्ण सॉकेट आत गोल फिरतं, आतल्या दोन बारीक तारा पिळवटतात आणि एक दिवस सोल्डर सुटतं. मग वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच आवाज येतो. नट आवळायला बाईकच्या टूलकिटमधला १२-१३ चा पाना बहुतेक वेळा चालतो. पण नुसतं बाहेरून आवळू नका, कारण तसं केलं तर आतलं सॉकेटही सोबत फिरतं आणि उरलेली तारही तुटते. झाकणी उघडा, सॉकेट आतून बोटांनी घट्ट धरा आणि मग नट फिरवा. आणि वाजवताना वायर पट्ट्यातून एकदा ओवून मग सॉकेटात घाला. कुणाचा पाय वायरीवर पडला तरी झटका पट्ट्याला बसतो, सॉकेटला बसत नाही. याला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी. ॲक्टिव्ह बेसमध्ये, म्हणजे आतच छोटा प्रीॲम्प असलेल्या बेसमध्ये, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते आणि बहुतेक बेसमध्ये ती चालू-बंद करायला वेगळं बटण नसतं. वायर सॉकेटात गेली की बॅटरी चालू, वायर काढली की बंद. त्यामुळे तालीम संपल्यावर बेस स्टँडवर ठेवला आणि वायर तशीच राहिली, की बॅटरी रात्रभर झिजत राहते. संपत आलेली बॅटरी एकदम बंद पडत नाही. आधी जोरात वाजवलेले सूर फाटायला लागतात, मग आवाज बारीक होतो. मुलांना वाटतं ॲम्प गेला. मल्टिमीटरनं बघा: नवी बॅटरी ९ व्होल्टच्या थोडं वर दाखवते, ८ च्या खाली आली की मी बदलतो. मोठ्या कार्यक्रमाच्या आधी तर न मोजताच नवी घालतो.

पॅसिव्ह बेस, म्हणजे बॅटरी नसलेला, असेल तर ही कटकटच नाही. मी आता पॅसिव्हच वाजवतो, आणि मुलांनाही पहिला बेस पॅसिव्हच घ्यायला सांगतो.

ॲम्पचं हेड वेगळं आणि स्पीकरची पेटी वेगळी असेल तर एक चूक फार होते. दोन्हीकडे तीच जाड पिन दिसते म्हणून गिटारची वायर हेडपासून पेटीपर्यंत लावतात. गिटारच्या वायरीतली तार बारीक असते. स्पीकरला जाणारा करंट तिला झेपत नाही, ती तापते, आवाज पडतो आणि ॲम्पलाही धोका होतो. स्पीकरसाठी स्पीकरचीच वायर.

हमिंग

यावर जरा थांबतो, कारण इथे नुसता आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे.

आधी हमिंग कुठल्या सुराचं आहे ते ऐका. आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (पडद्याचा) 'जी' हा सूर ४९ हर्ट्झचा असतो आणि सगळ्यात बारीक मोकळी तार, तीही जी, ९८ हर्ट्झची. हमिंग बहुतेक वेळा ५० किंवा १०० हर्ट्झवर येतं. म्हणजे ऐकू येणारी गुणगुण मोकळ्या जी तारेच्या अगदी जवळची पण किंचित चढी लागली, तर ती लाईटच्या वायरिंगमधूनच आली आहे. ट्यूनर नसला तरी कान हे सांगतो. गुणगुणीऐवजी वरच्या पट्टीतली कर्कश झिर्र ऐकू आली तर ती लाईटच्या डिमरची किंवा स्वस्त एलईडी दिव्यांची. दिवे मंद-तेज होताना झिर्र बदलते का बघा. बदलली तर तुमची वायर दिव्यांच्या वायरींपासून दूर घ्या. ओलांडणं भागच असेल तर आडवी, काटकोनात ओलांडा, सोबत समांतर धावू देऊ नका.

आता बेसचा व्हॉल्यूम पूर्ण बंद करा. हमिंग गेलं, तर ते बेसमधून येतंय. तसंच राहिलं, तर बेसच्या पुढे कुठेतरी आहे. एका नॉबनं अर्धा शोध संपतो.

बेसमधून येत असेल तर बेस हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला तोंड केल्यावर हमिंग कमी होत असेल तर पिकअप (तारांखालचं, त्यांचा कंप पकडणारं चुंबक आणि कॉइल) आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र ओढतोय. एकेरी कॉइलच्या पिकअपचा हा स्वभावच आहे. दोन पिकअप असतील तर दोन्ही पूर्ण उघडे ठेवा. फेंडर कंपनीच्या 'जॅझ बेस' या मॉडेलच्या धर्तीवरचे पिकअप बहुतेक वेळा एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही सारखे उघडले की हमिंग एकमेकांना खोडतं. एक किंचित कमी केला तरी हमिंग परत डोकं काढतं. आणि स्टेजवर ॲम्पला चिकटून उभे राहू नका, दोन पावलं लांब गेलात तरी फरक पडतो.

तारांना हात लावल्यावर हमिंग कमी होतं का? होत असेल तर घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. पण तारांना हात लावल्यावर हमिंग वाढत असेल, किंवा ओठ माइकला लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बेस खाली ठेवा. गाणं थांबलं तरी चालेल. बेसच्या तारा वायरीच्या जाळीतून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्हींत एकाची अर्थिंग नसली, किंवा कुठे फेज आणि न्यूट्रल उलटे झाले, तर तुमचे हात एका बाजूला आणि ओठ दुसऱ्या बाजूला, आणि मधून करंट तुमच्या छातीतून जातो. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून भर स्टेजवर गेला. आपल्या मांडवांत ओल्या मातीवर, अनवाणी पायांनी, जनरेटरवर वाजवणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही. मी साऊंड चेकच्या आधी मल्टिमीटर एसीवर लावून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं बेसच्या तारेला लावतो. काटा शून्याच्या आसपास नसेल तर इलेक्ट्रिशियन येऊन बघेपर्यंत मी बेस उचलत नाही.

हमिंग घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक मी पाहिलेत. हमिंग खरंच जातं. पण सोबत तुमचा एकमेव बचावही जातो. हे कधीही करू नका आणि दुसऱ्याला करूही देऊ नका.

बरोबर उपाय हमिंगचं कारण समजलं की सापडतो. तुमचा ॲम्प स्टेजवरच्या बोर्डावर, मिक्सर मांडवाच्या मागच्या टोकाला दुसऱ्याच बोर्डावर. दोघांना आपापली अर्थिंग आहे, आणि मधे डीआयपासून मिक्सरला जाणारी तीन पिनांची कॅनन वायर त्यांना जोडते. त्यामुळे अर्थिंगचं एक मोठं कडं तयार होतं आणि त्यात लाईटचं हमिंग फिरत राहतं. खूण सोपी: कॅनन वायर काढली की हमिंग बंद, लावली की चालू. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं छोटं बटण असतं, ते दाबा. ते फक्त आवाजाच्या वायरीतली जाळी तोडतं, लाईटच्या अर्थिंगला हात लावत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे. जमलं तर साऊंडवाल्याला विनंती करा की स्टेजवरच्या सगळ्या वाद्यांना आणि मिक्सरला एकाच बोर्डावरून लाईट द्या. एकदा संकेश्वरच्या बाजूला एका कार्यक्रमात एवढ्याच बदलानं कीबोर्डचं आणि माझं, दोघांचं हमिंग एकदम गेलं.

डीआय घ्यायचा असेल तर एक साधा नियम लक्षात ठेवा. पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय चांगला, ॲक्टिव्ह बेसला पॅसिव्ह डीआय पुरतो. पॅसिव्ह डीआयमध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला करंट लागत नाही, पण पॅसिव्ह पिकअपवर तो भार टाकतो आणि वरचा आवाज मंद होतो. ॲक्टिव्ह डीआयला बॅटरी किंवा मिक्सरमधून त्याच वायरीतून येणारा ४८ व्होल्टचा करंट (फँटम) लागतो. तो मिळणार का, हे आधीच विचारून ठेवा.

घुमणं

याचा दोष लोक ॲम्पला देतात. मी सांगतो, बऱ्याच वेळा तो खोलीचा आणि आपल्या हाताचा असतो.

बेसची सगळ्यात जाड मोकळी तार ४१ हर्ट्झची. हवेत तिची एक लाट सव्वाआठ मीटरपेक्षा लांब. एवढी लांब लाट भिंतींमध्ये अडकली की काही सूर फुगतात आणि काही गिळले जातात. शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांतल्या बारा फुटी खोलीत वाजवून बघा: जाड तारेवर दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटचे सूर एकदम मोठे होतात आणि बाजूचे साधेच राहतात. वाद्यात काही बिघाड नाही, खोलीच्या मापाचा तो सूर आहे. मंगल कार्यालयाचा हॉल मोठा, फरशी गुळगुळीत, भिंती कोऱ्या, म्हणून तिथे हे आणखी खालच्या सुरांत होतं आणि आवाज विझायला वेळ लागतो.

यावर ॲम्पवरचा बेसचा नॉब आणखी वाढवला तर चिखल वाढतो. उलट करा. बेस मधोमध, नाहीतर थोडा कमी. २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं काढा. आणि मिड वाढवा. आपण वाजवतोय ते समोरच्याला कळतं ते बोटांच्या ठोक्यामुळे आणि वरच्या सुरांमुळे, आणि ते सगळं मिडमध्ये असतं. घरी एकट्यानं ऐकताना हा आवाज जरा कोरडा वाटेल, मनाला पटणार नाही. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सुरू झाले की तोच जागेवर बसतो.

ॲम्प कोपऱ्यात ठेवू नका, तिथे दोन्ही भिंती खालचे सूर फुगवतात. फळ्यांच्या पोकळ स्टेजवर ॲम्प ठेवला तर फळ्या स्वतःच वाजायला लागतात, म्हणून तो प्लॅस्टिकच्या क्रेटवर किंवा खुर्चीवर चढवा आणि कानांकडे वळवा. ॲम्प कानाच्या उंचीला आला की तुम्हाला तो स्पष्ट ऐकू येतो, मग तुम्ही आवाज वाढवतच नाही.

ऑर्केस्ट्रातली आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. कीबोर्डवाल्याचा डावा हात. बेसवाला नसलेल्या कार्यक्रमांत डाव्या हातानं बेस धरायची त्याला सवय झालेली असते. तुम्ही आलात तरी हात तिथेच राहतो, शिवाय ताल मशीनमधला ठेकाही खालीच धडधडतोय. एकाच जागेत तीन जण उभे राहिल्यावर घुमणार नाही तर काय होणार? हे स्टेजवर सांगायचं नसतं. तालमीत चहा घेताना सांगायचं: "दादा, या गाण्यात डावा हात जरा वरच्या सप्तकात घ्या की, बघू कसं वाटतंय." मी ज्यांच्याशी वाजवतो ते कीबोर्डवाले माझ्यापेक्षा वयानं मोठे आहेत, त्यांनी एकदा ऐकून बघितलं आणि तेव्हापासून स्वतःच हात वर ठेवतात. कुठल्याही पेडलनं जे झालं नसतं ते यानं झालं.

स्वतःच्या हाताबद्दलही. मोकळ्या तारा न वाजवताही आपोआप कंप पावतात आणि खाली एक सतत घूं राहतो. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर ठेवून न देता जाड तारांवर टेकवत चला, डाव्या हाताची मोकळी बोटं तारांवर हलकी ठेवा. ब्रिजजवळ (घोडीजवळ) तारांखाली स्पंजाचा पातळ तुकडा सरकवला तर घुमणं लगेच आवरतं आणि जुन्या गाण्यांना तो आवाज छान शोभतो.

पाऊस आणि लाकूड

जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला, हवाच ओली असते. लाकूड ओल पितं आणि नेक, म्हणजे बेसची लांब मान, हलते. मे महिन्यात सुरेख असलेला बेस जुलैत खरखरायला लागतो किंवा तारा एकदम उंच वाटतात, आणि मग मुलं पिकअप बदलायला निघतात. आधी नेक बघा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटशी फट बघा. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घट्ट करायचा, अजिबात नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेराच, मग एक दिवस थांबायचं. जोर लागत असेल तर सोडून द्या आणि जाणकाराकडे न्या.

आपल्या भागातल्या जुन्या लोकांना तारांची खरखर वेगळ्या अर्थानं माहीत आहे. इथून जवळच मिरज. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याची जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग असा घासायचा की तार त्याला घासत-घासत झणझणेल. ती झणझण हवीच असते, तिच्यासाठी कारागीर तासन्‌तास घालवतो. बेसमध्ये तार फ्रेटला तशीच घासली की आपल्याला नको असलेली जवारी होते. तत्त्व एकच. म्हणून घरात तानपुरा जुळवणारं कुणी असेल तर नेकचा विषय त्यांच्याशी बोला, त्यांना चटकन समजतं.

पावसात नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारा आणि नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. पिना कोरड्या फडक्यानं पुसा. बेसच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा.

मी काय नेतो

एक पॅसिव्ह बेस, एका व्हॉल्यूमचा आणि एका टोनचा. एक वायर, लाल टेपची दुसरी. डीआय बॉक्स. नेकच्या टोकाला लावायचा क्लिपचा ट्यूनर, जो आवाजाच्या वाटेत येतच नाही. मल्टिमीटर, १२-१३ पाना, स्क्रू-ड्रायव्हर, जादा तारा. छोटा ॲम्प फक्त तेव्हा, जेव्हा स्टेजवर मॉनिटर मिळणार नाही. ॲम्पवरून मिक्सरला देताना त्याच्या डीआयचं बटण प्रीवर, म्हणजे मी माझ्यासाठी नॉब फिरवले तरी समोरच्या लोकांचा आवाज बिघडत नाही.

एवढ्यात होतं का, असं मुलं विचारतात. अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्यावर एक पिकअप, एक व्हॉल्यूम आणि एक टोन एवढंच होतं. डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसननं १९६० च्या दशकात त्याच घराण्याचा बेस जाड गुळगुळीत तारांवर, स्पंज लावून, सरळ रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये वाजवला. तारा तुटल्याशिवाय तो बदलायचाही नाही. आणि तो उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. जगातले बेस वाजवणारे आजही ते सूर उतरवून शिकतात.

पेडल कायम वाईट, असं माझं म्हणणं नाही. एखाद्या गाण्याला कोरस खरंच लागत असेल तर एक पेडल न्या, त्या गाण्यापुरतं जोडा, मग काढा.

आणि हे सगळं करूनही तक्रार राहिली, तर वाद्य घेऊन दुरुस्तीला जाताना नुसतं "आवाज येईना झालाय" म्हणू नका. व्हॉल्यूम बंद केल्यावर काय होतं, सरळ एका वायरीवर काय होतं, तारांना हात लावल्यावर काय बदलतं, एवढं सांगा. दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा दिवस आणि तुमचे तेवढे पैसे वाचतात.